आधी किलोमीटर, मग पैसे: न्यूझीलंडमध्ये स्वतः गाडी चालवत

परदेशात स्वतः गाडी चालवत हिंडायचे, आणि तेही खिशाला झेपेल अशा खर्चात, असे ठरल्यावर पहिल्या रविवारी पार्ल्याच्या आमच्या घरी जो कागद तयार झाला, तो मी अजून जपून ठेवला आहे. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा, दादा आणि वहिनी. त्या कागदावर न्यूझीलंडच्या उत्तरेकडील बे ऑफ आयलंड्सपासून दक्षिणेच्या मिलफर्ड साउंड या खाडीपर्यंत चौदा ठिकाणांची नावे होती आणि मुक्कामाच्या रात्री होत्या बारा. वहिनीने दोनदा मोजून पाहिले आणि विचारले, "मग दोन गावांत झोपायचंच नाही का?"

चूक अशी होती की आम्ही टूर कंपन्यांच्या माहितीपत्रकांवरून यादी केली होती. टूर कंपन्यांशी माझे वैर नाही. आईबाबांना मी त्यांच्याच भरवशावर पाठवले होते आणि पुन्हाही पाठवीन. परंतु त्यांच्या सहलीत गाडी दुसरा कोणी चालवत असतो, त्यामुळे चारशे किलोमीटरच्या टप्प्यात माणूस दोन डुलक्या काढून ताजातवाना होऊन उतरतो. स्वतः चालवताना तेच चारशे किलोमीटर डोळ्यांत आणि खांद्यांत साठत जातात. शिवाय वाढलेल्या प्रत्येक टप्प्याबरोबर पेट्रोल, वाटेतले महागडे जेवण आणि एका रात्रीपुरती घेतलेली खोली, असा खर्च वाढतो, आणि स्वयंपाकाला वेळ न उरल्यामुळे तो आणखी फुगतो. म्हणून दुसऱ्या रविवारी आम्ही प्रत्येक नावापुढे तिथे काय पाहायचे हे न लिहिता आधीच्या गावापासूनचे अंतर लिहिले. ऑकलंड ते वेलिंग्टन हेच साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास भरले. त्यानंतर उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनहून दक्षिण बेटावरच्या पिक्टनला साडेतीन तासांची फेरी बोट, तिचे चार माणसांचे आणि गाडीचे भाडे. शिवाय भाड्याची गाडी देणाऱ्या अनेक कंपन्या एक गाडी वेलिंग्टनला सोडून पिक्टनला दुसरी घ्यायला लावतात, म्हणजे सामानाची उतरवाउतरव आलीच. दादाने पेन उचलले आणि अख्ख्या उत्तर बेटावर आडवी रेघ मारली. आमच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी बचत त्या एका रेघेने झाली.

दक्षिण बेटाचेही आम्ही सगळे घेतले नाही. ख्राइस्टचर्चला उतरायचे, क्वीन्सटाउनहून परतायचे आणि मधे पाचच मुक्काम: ख्राइस्टचर्च एक रात्र, ट्वायझल तीन, वानाका तीन, टे आनाऊ तीन आणि क्वीन्सटाउन दोन. टेकापो सरोवरावरून ट्वायझल २८५ किलोमीटर, तिथून आओराकी माउंट कुक जाऊन-येऊन १३०, लिंडिस खिंडीतून वानाका १४०, पुढे टे आनाऊ २३०, मिलफर्ड जाऊन-येऊन २४० आणि शेवटी क्वीन्सटाउन १७०. बेरीज साधारण १,२०० किलोमीटर झाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या हिमनद्या सुटल्या याची हळहळ नवऱ्याला अजून आहे, आणि ती मी दूर करू शकत नाही.

क्वीन्सटाउनला गाडी सोडण्यासाठी जास्तीचे शुल्क भरावे लागले. ते पाहून आधी वाटले होते की ख्राइस्टचर्चलाच परत आणून द्यावी. पण क्वीन्सटाउन ते ख्राइस्टचर्च पावणेपाचशे किलोमीटरच्या वर आहे; तो एक पूर्ण दिवस, तेवढे पेट्रोल आणि बहुधा एका रात्रीचा मुक्काम एकत्र मांडल्यावर ते शुल्क स्वस्त ठरले. हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या तारखांचा करावा, कारण हंगामानुसार हे शुल्क बदलते.

न्यूझीलंडच का, असे अनेकांनी विचारले. एक कारण अगदी व्यवहारी होते. तिथे आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उजवीकडून चालवायला शिकण्याची हौस आमच्यापैकी कोणालाही नव्हती. दुसरे म्हणजे परवाना इंग्रजीत असेल तर पर्यटकाला मूळ भारतीय परवान्यावर तिथे गाडी चालवता येते. तरीही आम्ही अंधेरीच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढले. शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष; दादाच्या जुन्या परवान्यावरची अक्षरे इतकी पुसट झाली होती की त्यावर विसंबणे बरे वाटेना.

महिना एप्रिल निवडला. नवऱ्याचे मार्चअखेरचे काम संपलेले असते, मुंबईत उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो आणि तिकडे शरद ऋतू असतो, वानाका आणि ॲरोटाउनची झाडे पिवळी होऊ लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या तुलनेत खोल्या आणि गाड्या दोन्ही स्वस्त मिळतात. एक मात्र आधी पाहून ठेवावे: ईस्टर बहुतेकदा एप्रिलमध्येच येतो, तिथल्या शाळांची सुट्टीही त्याच सुमारास असते, आणि गुड फ्रायडेला सुपरमार्केटे बंद असतात. तसेच एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे आपल्याशी असलेला साडेसात तासांचा फरक साडेसहावर येतो आणि संध्याकाळ एकदम लवकर होते. सहा-साडेसहाला अंधार पडणार हे धरूनच आम्ही दिवसाचे टप्पे आखले.

व्हिसाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. अर्ज ऑनलाइन होतो. नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र, बँकेची विवरणे, आयकराची कागदपत्रे आणि दिवसवार आराखडा लागतो. माणशी १०० न्यूझीलंड डॉलरचा पर्यटक-कर व्हिसाच्या शुल्काबरोबरच भरावा लागतो; ऑक्टोबर २०२४ पूर्वी तो ३५ होता, त्यामुळे जुन्या लेखांतील आकडे धरून बेरीज करू नये. विमानाच्या तिकिटात मात्र एक खाच आहे. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे जाणारी तिकिटे कधीकधी बरीच स्वस्त दिसतात. पण ऑस्ट्रेलियात नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला पैसे पडत नाहीत, अर्जाचा खटाटोप तेवढा पडतो. आम्ही सिंगापूरमार्गे थेट ख्राइस्टचर्च गाठले.

आता गाडीकडे येते, कारण आमचा निम्मा अभ्यास तिचाच होता. भाड्याच्या गाड्यांच्या यादीत प्रत्येक मॉडेलपुढे "किंवा तत्सम" असे लिहिलेले असते, म्हणजे चित्रातली गाडी मिळेलच असे नाही. लहान गाडीत चार माणसे बसतात यात शंका नाही. चार माणसांच्या चार मोठ्या बॅगा डिकीत बसतात का, हा खरा प्रश्न असतो. नवऱ्याने इंटरनेटवरून डिकीची मापे शोधली, मेजरटेपने आमच्या दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखला आणि घरातल्या चारही बॅगा त्यात रचायला घेतल्या. तीन बसल्या. चौथी उभी, आडवी, तिरकी अशी सगळ्या बाजूंनी घालून पाहिली, शेवटी वहिनी तिच्यावर बसून म्हणाली, "ही माझी आहे आणि ही येणार." ती बॅग आली नाही. त्याऐवजी दोन मोठ्या बॅगा आणि दोन कापडी सॅक, असे ठरले आणि एका आकाराने लहान गाडी चालून गेली. फरशीवरच्या त्या खडूच्या चौकोनाने दिवसाच्या भाड्यात जो फरक पाडला, तो कोणत्याही सवलतीच्या कूपनाने पाडला नसता.

पेट्रोलचा लोक उगाच धसका घेतात. १,२०० किलोमीटरला शंभर किलोमीटरमागे सात लिटर धरले तर ८४ लिटर होते. लिटरला पावणेतीन डॉलर आणि डॉलरला पन्नास रुपये धरून ते साडेअकरा हजारांच्या आसपास गेले, म्हणजे माणशी तीन हजारांच्या आत. दक्षिण बेटावर टोलही नाही; त्या देशातले टोलरस्ते उत्तर बेटावर आहेत. डिझेल गाडी किंवा कॅम्परव्हॅन घेणाऱ्यांनी मात्र तिथे डिझेल वाहनांवर किलोमीटरमागे वेगळा कर असतो, हे लक्षात ठेवावे, कारण तो भाड्याच्या आकड्यात धरलेला असेलच असे नाही.

खरा पैसा एक्सेसमध्ये, म्हणजे नुकसानीतल्या आपल्या वाट्यात, अडकतो. गाडीच्या भाड्यात मूळ विमा असतो, पण गाडीला काही झाले तर पहिली काही हजार डॉलरची झळ आपण सोसायची, या अटीवर. ती झळ शून्यावर आणायची असेल तर कंपनी दिवसागणिक जादा रक्कम घेते, आणि बारा-तेरा दिवसांची ती रक्कम कधीकधी गाडीच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत जाते. बाहेरच्या विमा कंपन्या हेच संरक्षण स्वस्तात देतात, मात्र त्यात आधी आपण पैसे भरायचे आणि मग दावा लावून परत मिळवायचे असतात. शिवाय विमा घेणारा कोणत्या देशाचा रहिवासी असावा याची अट असते, ती भारतीयांनी आधी वाचावी. दादाचे म्हणणे होते की स्वस्त पर्याय घ्यावा. मी कंपनीचाच महाग पर्याय घेतला. काटकसरीच्या सहलीत हे विसंगत वाटेल, पण पोटात गोळा घेऊन चालवलेल्या गाडीत मला रस नव्हता. महाग पर्यायातही काय वगळले आहे ते पाहावे लागते. टायर, काचा, गाडीचा खालचा भाग आणि चुकीचे इंधन भरणे ही नेहमीची कलमे. त्याखेरीज काही रस्तेच विम्यातून बाद असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड हा त्यांतला प्रसिद्ध.

एवढा अभ्यास करून काउंटरवर मात्र आमची फजिती झाली. गाडी माझ्या नावाने घेतली होती, कारण चौघांत लांब पल्ल्याचा सराव मला जास्त. आणि अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड पुढे केले नवऱ्याचे. काउंटरवरच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात सांगितले की कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे हवे. माझे कार्ड पर्समध्ये होते, पण नवे होते, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डावर परदेशातील व्यवहार बंदच असतात, ते आपण सुरू करायचे असतात. मी ते केले नव्हते. मग विमानतळाच्या वायफायवर बँकेचे ॲप, त्यासाठी ओटीपी, ओटीपीसाठी भारतीय सिमचे रोमिंग, आणि मागे रांगेत उभे असलेले एक जर्मन जोडपे. पाऊण तास गेला. अनामत नुसती अडकवून ठेवतात की प्रत्यक्ष वसूल करून नंतर परत करतात, हेही आधी विचारावे असे मला त्या पाऊण तासात कळले. वसूल केली तर जाताना आणि येताना दोन वेगवेगळे विनिमय दर लागतात आणि बँकेचे परकीय चलन शुल्क कापले जाते ते वेगळेच. कागदावर सही करण्यापूर्वी दादाने गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढला. त्याच्या त्या संशयी स्वभावाची एरवी आम्ही थट्टा करतो.

मुक्कामांसाठी आम्ही मोटेलमधील दोन खोल्यांचे, छोटे स्वयंपाकघर असलेले घर शोधत होतो, आणि तीन रात्री एका जागी राहण्याचा फायदा इथे दिसला. चौघांत भाडे विभागले गेले आणि तेल, तांदूळ, दूध, अंडी ही खरेदी वाया गेली नाही. माउंट कुकच्या पायथ्याच्या गावात राहणे महाग होते, म्हणून पासष्ट किलोमीटर अलीकडच्या ट्वायझलला राहिलो. हे गाव १९६८ मध्ये जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी वसवलेले. काम संपल्यावर ते हटवायचे ठरले होते, पण रहिवाशांनी हटू दिले नाही. गिरणगावच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुंबईकराला अशा गावाविषयी आपोआप जिव्हाळा वाटतो. आणि हा सगळा प्रदेश २०१२ पासून डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून, राखलेला असल्यामुळे रात्री मोटेलच्या अंगणात खुर्च्या टाकून फुकटात आकाशगंगा पाहिली. टास्मान हिमनदीच्या दर्शनासाठी तीनशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, त्यालाही तिकीट नाही. ३,७२४ मीटर उंचीचा आओराकी तर रस्त्यावरूनच तासभर समोर असतो.

खाण्याचा विषय मुंबईतच अर्धा सुटला होता. दोन लिटरचा कुकर, पाकीटबंद गोडा मसाला, मेतकूट आणि वहिनीने केलेली चटणी बरोबर होती. न्यूझीलंडमध्ये उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. लपवलेली सापडली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. जाहीर केलेली वस्तू नको असेल तर ते काढून घेतात, दंड करत नाहीत. मध मात्र अजिबात नेऊ नये. आमचे मेतकूट अधिकाऱ्याने उजेडात धरून पाहिले, काय आहे म्हणून विचारले, आणि भाजलेल्या डाळी-धान्याचे पीठ हे उत्तर ऐकून परत दिले. चटणीतले तीळ त्याला रुचले नाहीत. ती तिथल्या पिंपात गेली आणि वहिनी दोन दिवस गप्प होती.

बुटांची गोष्ट चटणीहून महत्त्वाची. तळाला चिकटलेली माती हीसुद्धा तिथे तपासणीची बाब आहे, आणि आमचे चारही जोड पावसाळ्यात राजमाचीला जाऊन आलेले. निघण्याच्या आदल्या रात्री नवरा गॅलरीत बसून जुन्या टूथब्रशने आणि सेफ्टी पिनेने एकेका खाचेतला सुकलेला लाल चिखल उकरत होता. तपासणीत अधिकाऱ्याने बूट उलटे करून पाहिले आणि "व्हेरी गुड" म्हटले. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या साफसफाईला मिळालेले हे पहिले प्रशस्तिपत्र.

रस्त्याविषयी एवढेच सांगते की तिथले महामार्ग म्हणजे आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे नव्हे. बहुतांश ठिकाणी जायला एक आणि यायला एक अशा दोनच मार्गिका, मधे दुभाजक नाही, आणि वेगमर्यादा १०० असली तरी वळणांवर ती गाठायची नसते. एकेरी पूल अनेक आहेत; पाटीवरचा लाल छोटा बाण आपल्या दिशेचा असेल तर आपण थांबायचे, हे पहिल्या पुलाआधीच पाठ असावे. पश्चिम द्रुतगती मार्गावर इंचाइंचाने गाडी सरकवणाऱ्या हाताला मोकळा रस्ता मिळाला की पाय आपोआप दाबला जातो, म्हणून मागे चार गाड्या जमल्या की बाजूच्या जागेत थांबून त्यांना पुढे सोडायचे आणि तेवढ्यात पाणी प्यायचे, असा नेम आम्ही ठेवला. नकाशाने दोन तास सांगितले की आम्ही तीन धरत असू. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर पहिल्या दिवशी गाडी शहराबाहेर न्यायची नाही, म्हणूनच ख्राइस्टचर्चची ती एक रात्र होती.

टे आनाऊला तीन रात्री कशाला, असे आराखडा पाहणाऱ्या प्रत्येकाने विचारले होते. मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो, मुंबईच्या अडीच-तीनपट. तिथल्या बोटीचे एकाच दिवसाचे तिकीट काढणे म्हणजे जुलैत छत्री न घेता घराबाहेर पडणे. म्हणून दोन दिवस मोकळे ठेवून, तारीख बदलता येईल असे तिकीट घेतले होते. पहिल्या दिवशी इतका कोसळला की आम्ही मोटेलमध्ये खिचडी लावून पत्ते खेळलो. दुसऱ्या दिवशी पहाटे टाकी भरून निघालो, तर आदल्या दिवशीच्या पावसाने दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून मोजता येणार नाहीत इतके धबधबे सुटले होते. वहिनीला माळशेजची आठवण झाली, आणि चटणीनंतर पहिल्यांदाच ती मनापासून बोलली.

होमर बोगद्याच्या अलीकडे गाड्या थांबल्या होत्या. तेवढ्यात किया नावाचा हिरवा, धटिंगण पोपट आमच्या बॉनेटवर उतरला, त्याने काचेतून आम्हा चौघांना नीट न्याहाळले आणि शांतपणे वायपरचे रबर कुरतडायला सुरुवात केली. मी हॉर्न वाजवला. त्याने मान वळवून पाहिले आणि दुसरा वायपर धरला. मागच्या सीटवरून कागदांची सळसळ ऐकू आली. दादाने विम्याचे करारपत्र बाहेर काढले होते आणि चष्मा लावून तो वगळलेल्या गोष्टींच्या यादीत पक्षी शोधत होता.